रस्ता नऊ मीटर असेल तर

पुण्यातल्या डेक्कन, एरंडवणे किंवा शिवाजीनगरमधल्या जुन्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला की सभासदांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्याला एरिया किती वाढवून मिळणार? बिल्डर मात्र आधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून रस्त्याची रुंदी विचारतो. त्याला उत्तर मिळाल्याशिवाय सभासदांच्या प्रश्नाला काही अर्थ नाही. तिसरा एक प्रश्न आहे, तो कुणीच विचारत नाही. हा सगळा भाग ज्या कॉलेजांमुळे वसला, तिथे शिकायला येणारी मुलं नव्या इमारतीत राहणार-जेवणार कुठे? हे विचारायला कुठल्याही अर्जात रकाना नाही.

हा भाग कसा वसला ते आधी पाहू. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झालं ते पेठेतल्या वाड्यात. दहाएक वर्षांनी ते नदी ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आलं, तेव्हा शिवाजीनगरला भांबुर्डा म्हणत आणि आजूबाजूला शेतं नि माळ होता. त्यानंतर संस्था एकामागून एक येत गेल्या. १९०५ साली गोखल्यांचा भारत सेवक समाज, १९०६ साली डेक्कन जिमखाना, १९१७ साली भांडारकर संस्था, १९२४ साली लॉ कॉलेज, १९३० साली गोखले इन्स्टिट्यूट, १९४३ साली बीएमसीसी हे कॉमर्स कॉलेज. कोल्हापूरची प्रभात कंपनी १९३३ साली इथे आली आणि तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. गुडलक हे इराणी हॉटेल १९३५ सालचं. म्हणजे आधी कॉलेज, मग प्राध्यापकांचे बंगले, मग त्या बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत राहणारी मुलं, आणि मग त्या मुलांना चहा पाजणारी हॉटेलं, अशी ही उतरंड रचली गेली. इथल्या जमिनींच्या पत्त्यांत अजून 'अंतिम भूखंड क्रमांक' येतो. नगररचना योजनेत शेतांचे तुकडे सरळ करून भूखंड पाडले गेले, त्याची ती खूण.

बंगल्याची ठेवण साधारण एकच. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा. मागच्या अंगाला एक आउटहाउस, कधी मोटारखान्यावर काढलेली खोली, कधी बाहेरून वेगळा जिना असलेली गच्चीवरची खोली. ती गावाकडून शिकायला येणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी असे. भाचे-पुतणे संपले तेव्हा ती कॉट बेसिसवर गेली. पुण्यात कॉट बेसिस हा शब्द सगळ्यांना कळतो: खोली नव्हे, खाट भाड्याने. एका खोलीत तीन खाटा, तीन टेबलं, सामाईक संडास आणि रात्री दहाला बंद होणारं फाटक. यातल्या कित्येक खोल्या मंजूर नकाशात राहण्याच्या खोल्या म्हणून नव्हत्याच. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. पुनर्विकासात मोजलं जातं ते अधिकृत बांधकाम. जे कागदावर नाही, त्याचा मोबदलाही नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि वस्ती नदीपलीकडे जोरात सरकली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बंगले पडून तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती झाल्या. आज ज्यांच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त होते त्या इमारती याच, म्हणजे त्या स्वतःसुद्धा बंगला पाडूनच आलेल्या. तेव्हाही लोकांनी सुस्कारे सोडलेच होते. पण त्या वेळी भागाचा स्वभाव टिकला, आणि तो का टिकला याचं उत्तर बांधकामातच आहे. त्या इमारतींना लिफ्ट नव्हती. लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हाताऱ्या माणसांना नको असायचा, म्हणून तो स्वस्तात भाड्याने जायचा आणि चार मुलं मिळून घ्यायची. खाली गाड्यांसाठी मोकळे खांब नव्हते, त्यामुळे तळमजल्यावर माणसं राहत. तिथल्याच एखाद्या स्वयंपाकघरातून खानावळ चाले, पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसे, जिन्याखाली इस्त्रीवाला उभा राही. कंपाउंडची भिंत बुटकी, फूट-दीड फूट रुंद, गुडघ्याच्या जरा वर. तोच कट्टा. गैरसोय हीच इथली सवलत होती. नव्या इमारतीत गैरसोय उरत नाही, सवलतही उरत नाही.

आता रुंदीकडे येऊ. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. पुण्यात निवासी भूखंडाला मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एवढ्यावरच थांबायचं. पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, दुसऱ्या भूखंडाचा बांधकामाचा हक्क विकत आणून वापरायचा, तो टीडीआरही नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर मिळून २.०० होतो. पुढे रस्ता जसा रुंद होतो तसा टीडीआर वाढतो आणि ३० मीटरच्या रस्त्यावर बेरीज ३.०० पर्यंत जाते. या सगळ्यावर निवासी बांधकामाला आणखी ६० टक्के पूरक क्षेत्र, तेही शुल्क भरून. जिने, लिफ्ट, बाल्कन्या, पॅसेज हे सगळं त्यात मोजायचं.

कागदावर एक उदाहरण मांडू. भूखंड १,००० चौरस मीटर, १६ फ्लॅट, प्रत्येकी ५५ चौरस मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), म्हणजे एकूण ८८०. रस्ता ६ मीटरचा. मूळ १,१०० अधिक पूरक ६६०, मिळून १,७६० चौरस मीटर बांधकाम. जिने-भिंती-पॅसेज वजा जाता कार्पेट ढोबळमानाने ७० टक्के धरू, म्हणजे १,२३० च्या आसपास. सभासदांना २० टक्के वाढवून द्यायचं म्हटलं तर १,०५६ त्यांच्याकडेच गेले. विकायला उरले तीन फ्लॅट. तीन विकून एकोणीस बांधायला कोण येईल? आता तीच सोसायटी ९ मीटर रस्त्यावर ठेवा. मूळ, प्रीमियम आणि टीडीआर मिळून २,०००, पूरक १,२००, एकूण ३,२००; कार्पेट २,२४०. सभासदांना ३५ टक्के वाढवून दिले तरी १,०५० चौरस मीटर विकायला उरतात, म्हणजे सतराएक फ्लॅट. एका गल्लीत बिल्डरांची रांग आणि शेजारच्या गल्लीत शुकशुकाट, याचं कारण हे तीन मीटर.

मग ते तीन मीटर आणायचे कुठून? महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची नवी हद्द, आखून ६ मीटरच्या गल्ल्या ९ मीटर करायच्या, असा प्रस्ताव पुण्यात २०२० साली आला आणि त्यावर बरंच रणही माजलं. दोन्ही बाजूंनी समान रुंदी घेतली तर प्रत्येक भूखंडाच्या पुढचे दीड मीटर जातात. २५ मीटर दर्शनी भाग असेल तर साडेसदतीस चौरस मीटर. क्षेत्रफळ म्हणून हे क्षुल्लक आहे आणि त्याचा मोबदलाही एफएसआयच्या रूपात मिळतो. पण त्या दीड मीटरमध्ये नेमकं काय असतं? कंपाउंडची भिंत, कट्टा, भिंतीलगतचं झाड आणि फाटकाशेजारची टपरी. कॉलेजच्या मुलाचा या गल्लीशी जो काही संबंध येतो, तो जवळजवळ सगळा त्या पट्ट्यात. रुंद झालेल्या जागेत दोन वर्षांनी दुतर्फा मोटारी लागलेल्या असतात आणि चालायची रुंदी होती तेवढीच राहते, असं माझं निरीक्षण आहे.

मेट्रोने यात आणखी एक आकडा घातला. गरवारे कॉलेजपर्यंतचा मार्ग मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, तिथून पुढे डेक्कनमार्गे ऑगस्ट २०२३ मध्ये. स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. 'चार मिळणार' हे वाक्य सोसायट्यांच्या सभांत फार ऐकू येतं. पण रस्ता पुरेसा रुंद आणि भूखंड पुरेसा मोठा असेल तरच तो आकडा गाठता येतो; प्रभात रोडच्या आतल्या गल्लीतल्या लहान भूखंडाला तो फक्त नकाशावर दिसतो. म्हणून आता दोन-तीन शेजारी सोसायट्या एकत्र करायची बोलणी चालतात. कल्पना वाईट नाही, फक्त तीन सोसायट्या म्हणजे तीन कमिट्या, तीन वकील आणि तिन्हींची मिळकतीची कागदपत्रं स्वच्छ असणं.

कागदपत्रांशीच बहुतेक गाडी अडते. जमीन सोसायटीच्या नावावर असते असा सभासदांचा समज असतो. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली की त्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या मूळ मालकाचं नाव निघतं, तो वारलेला असतो आणि वारस तीन देशांत पसरलेले. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याच्या डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करावा लागतो. त्यात महिने जातात, म्हणून बिल्डर शोधण्याच्या आधी हे काम संपवावं. बिल्डर 'ते आम्ही बघतो' म्हणतो तेव्हा तो त्या कामाचे पैसे तुमच्या एरियातून कापून घेतो. पानशेतच्या पूरग्रस्तांच्या सोसायट्यांत जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे का, हा वेगळा तपास. आणि पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र केलेल्या. तिथे जमिनीत प्रत्येक फ्लॅटधारकाचा अविभाज्य हिस्सा असतो, त्यामुळे सोसायटीचे बहुमताचे नियम तिथे तसेच लावता येत नाहीत. आपण कोण आहोत हे न बघता ठराव करणाऱ्या इमारती दिसतात.

सोसायटी असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय हाताशी ठेवावा. बिल्डर निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि निवडीला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी असतो, चित्रीकरण होतं. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याने व्यवहार्यता अहवाल करायचा, मग निविदा. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायची. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त सूट दिली जाते. 'एवढी हमी दिली तर एरिया दोन टक्के कमी होईल' असं बिल्डर म्हणतो आणि सभा एरियाच्या बाजूने मत देते. मग विक्री थंडावते किंवा टीडीआरचा दर वाढतो, काम जोत्यावर थांबतं, भाड्याचे चेक परत येऊ लागतात, आणि सोसायटीच्या हातात वसूल करण्यासारखं काहीच नसतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा, आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रेराचं संरक्षण मुख्यतः नवा फ्लॅट विकत घेणाऱ्यासाठी आहे. जुन्या सभासदाला करारनाम्यावरच उभं राहावं लागतं. एक दिलासा मात्र खरा आहे. सभासदाच्या कायम पर्यायी जागेच्या करारावर पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क मागता येणार नाही, नाममात्र मुद्रांकावर तो करता येतो, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला.

इमारत खरंच पाडण्याजोगी आहे का, हाही प्रश्न विचारावा. तीस वर्षांच्या पुढच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण व्हायलाच हवं. पण अहवाल हातोडीचे ठोके मारून झालेला आहे की काँक्रीटचे गाभे काढून, कार्बोनेशन नि गंज मोजून झालेला, ते पाहावं. सत्तरच्या दशकातल्या कामात सळईवरचं आवरण जेमतेम अर्धा-पाऊण इंच असतं. संडासांची गळती आणि गच्चीवरची टाकी यांच्या खालच्या तुळया आधी जातात, बाकीचा सांगाडा अनेकदा बरा असतो. दुरुस्तीचा खर्चही त्या अहवालात मागून घ्यावा. तो आकडा माहीत असलेली सोसायटी बिल्डरशी घासाघीस नीट करते.

नवी इमारत उभी राहताना तळमजल्याचं काय होतं, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, कारण सगळे वरच्या मजल्यावरचा आपला हॉल मोजत असतात. उंची वाढली की बाजूचं अंतर उंचीच्या पाचव्या हिश्शाने वाढतं. एका मर्यादेपुढे अग्निशमनाचा बंब फिरायला सहा मीटरचा मोकळा, भक्कम रस्ता लागतो. महावितरणला ट्रान्सफॉर्मरची जागा हवी. पाण्याच्या टाक्या, पंपघर, कचऱ्याची जागा, पार्किंगचा उतार. हे सगळं मांडून झाल्यावर १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर माती दिसत नाही. टेकडीकडच्या बाजूला खडक चार-पाच फुटांवरच लागतो. तिथे तळघर खोदायचं म्हणजे महिनोन्‌महिने ब्रेकर, आणि शेजारच्या जुन्या विहिरींचं पाणी सरकणं. तळघर परवडलं नाही की यांत्रिक पार्किंग येतं. ते पहिली दोन वर्षं देखभाल कराराखाली चालतं, नंतर एखादी साखळी किंवा सेन्सर बिघडला की वरच्या पाळण्यातल्या गाड्या तिथेच अडकतात आणि बाकीच्या गल्लीत येतात.

झाडांचा कायदा कडक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. पण झाड तोडावं लागतंच असं नाही. तळघराची भिंत भूखंडाच्या हद्दीपासून मीटर-दीड मीटरवर आणली, की एका बाजूची मुळं कापली जातात. झाड तीन-चार पावसाळे उभं राहतं, मग एका वादळात कोसळतं, आणि तोवर इमारतीचं पूर्णत्वपत्र मिळून गेलेलं असतं. हे टाळायचं तर झाडाच्या पसाऱ्याचा घेर नकाशावर काढून तळघराची रेषा त्या घेराबाहेर ठेवायला सांगावं. आठ-दहा गाड्यांची जागा जाते. सभा त्याला तयार होईल का, हे सांगणं कठीण आहे.

दुकानांची गोष्ट याहून अवघड. जुन्या इमारतीतला झेरॉक्सवाला किंवा खानावळवाला बहुतेक वेळा सभासद नसतो. तो सभासदाचा भाडेकरू असतो, अकरा महिन्यांच्या करारावर. पुनर्विकासात त्याला काहीही मिळत नाही. भाडे नियंत्रण कायद्यातल्या जुन्या पागडीच्या भाडेकरूला तरी हक्क आहे. नव्या तळमजल्यावर मग दोन हजार चौरस फुटांचा एकच गाळा निघतो, कारण बँक किंवा शोरूम एका चेकने तो घेते आणि बिल्डरचं भांडवल लवकर मोकळं होतं. बँक सहाला बंद झाल्यावर तो पदपथ अंधारा. त्याच दर्शनी भागात अडीच मीटर रुंद नि चार-साडेचार मीटर खोल असे सहा गाळे बसतात, मागे एक सामाईक स्वच्छतागृह. चौरस फुटाला लहान गाळ्याचा दर कमी नसतो, कधी जास्तच असतो. विकायला वेळ लागतो एवढंच. सोसायटीने विकास करारात 'तळमजल्यावर अमुक आकाराच्या वरचा गाळा नको' असं लिहून घेतलं, तर बिल्डर कुरकुरेल, पण सोडून जाणार नाही.

आणि राहायच्या जागा? सगळे सभासद वाढीव एरियाच्या मागे लागतात म्हणून दोन खोल्यांचा फ्लॅट तीन खोल्यांचा होतो. एकट्या राहणाऱ्या आजींना वीस चौरस मीटर जास्त नको असतात, महिन्याला येणारे चार पैसे हवे असतात. त्यांच्यासाठी वाढीव हिश्शाचा वेगळ्या दाराचा, मोरी-संडास असलेला छोटा भाग काढून देता येतो. कुशल वास्तुविशारदाला हे अवघड नाही, मात्र ते पहिल्या आराखड्यातच सांगावं लागतं. पूर्वीच्या आउटहाउसची जागा भरून काढणारं हेच काय ते एक साधन मला दिसतं. को-लिव्हिंगच्या कंपन्या मोठ्या इमारती घेतात आणि त्यांचा एका खाटेचा दर सांगलीहून-लातूरहून आलेल्या मुलाच्या घरचं बजेट बघून ठरत नाही.

मुलांना भाड्याने देऊ की नाही, हा निर्णयही हळूच हातातून निसटतो. सोळा जुने सभासद आणि सतरा नवे: पहिल्याच वार्षिक सभेत बहुमत नव्यांचं. 'बॅचलर नकोत' हा ठराव तिथे येतो, किंवा भाडेकरू ठेवणाऱ्यावर मनमानी आकारणी. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. तरी घेतलं जातं, कारण कुणी उपनिबंधकांकडे जात नाही. देखभाल खर्चही आड येतोच. लिफ्ट, जनरेटर, पहारेकरी, पंप, यांत्रिक पार्किंग यांची महिन्याची वर्गणी जुन्या इमारतीच्या कित्येक पट असते आणि ती शेवटी खाटेच्या भाड्यात उतरते. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे बिल्डरने दिलेल्या एकरकमी ठेवीच्या, व्याजातून हे भागेल असं सांगितलं जातं. मुदत ठेवीचा दर धरून हिशेब केला तर क्वचितच भागतं.

म्हणून करारावर सही करण्याआधी वरच्या मजल्यांचे रंगीत नकाशे बाजूला ठेवून १:१०० प्रमाणात तळमजल्याचा नकाशा मागावा. त्यात रस्तारेषा कुठे आहे, तिच्या आत भिंत किती उंच, ती बसण्याजोगी रुंद होईल का, झाडाचा घेर, गाळ्यांचे आकार, बंबाचा रस्ता नि फाटकाची जागा हे सगळं मोजून पाहावं आणि तोच नकाशा सह्या करून कराराला जोडावा. हे काम नकाशा महापालिकेत दाखल होण्याआधीचं. मंजुरीनंतर एक गाळा हलवायचा तरी सुधारित नकाशा, पुन्हा शुल्क, पुन्हा ना-हरकत पत्रं. आणि तोवर सगळे सभासद भाड्याच्या घरात.